उद्यापन नसलेला उपास

बांगडी अडलीच नाही. अंगठ्याच्या बुडाशी जिथं प्रत्येक बाईची बांगडी क्षणभर अडते, बांगडीवाला हात दाबतो, बाई डोळे मिटून घेते, तिथून ती हिरवी काचेची बांगडी मंजुषाच्या मनगटावर अशी उतरली, की जणू मध्ये हात नव्हताच. गुलमंडीवरच्या त्या अरुंद दुकानात दुपारची गर्दी होती. बांगडीवाल्यानं आतापर्यंत एकाही बाईच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं, त्याच्यासाठी बाई म्हणजे हात. त्यानं मान वर केली. "भाभी, ये तो बच्ची का नाप है. तुम्हारी बेटी के वास्ते निकाला था मैं. तुमकू कैसा आ गया?" शेजारी बसलेल्या सासूबाईंनी, मनकर्णाबाईंनी, पदर सावरला आणि त्या हसल्या. "उपासाचं अंग हाय तिचं, भाईजान. आमच्या मंजूवानी उपास करून दाखवा म्हणावं कुणी." सवाष्णींना द्यायच्या बांगड्या पुड्यात बांधल्या गेल्या. मंजुषानं ती लहान बांगडी काढली. काढतानाही ती अडली नाही. आणि तेव्हा तिला आनंद झाला. साधासुधा नाही. पोटापासून कानापर्यंत गरम चढत गेलेला, कुणाला दिसू नये म्हणून तिनं खाली मान घालून पर्स उघडली, पर्समध्ये काही नसलेलं शोधत राहिली, इतका. रूपाची बांगडी मला येते. माझ्या पोरीची बांगडी.

—जाते का?

—जाते.

—पास.

हे बोलणं तिच्याच डोक्यात चालायचं, आणि नेहमीच. वाळूजच्या एका कारखान्यात ती तपासणी विभागात होती. टेबलावर ट्रे यायचे, ट्रेमध्ये तेलकट पार्ट, प्रत्येक पार्टला भोक, आणि तिच्या हातात भोक मापायचं गेज. एका टोकाला गो, दुसऱ्या टोकाला नो-गो. गो आत गेलं पाहिजे, नो-गो जाता कामा नये. दोन्ही खरं ठरलं की पार्ट पास, नाहीतर लाल ट्रेमध्ये. तीच तपासणारी बाई हळूहळू टेबल सोडून तिच्याबरोबर घरी यायला लागली होती. आरशापुढे उभी राहायची. लग्नातली सोन्याची पाटली हातावर वर सरकवून बघायची. अगोदर ती मनगटाच्या हाडापाशीच थांबायची. मग हाड ओलांडून गेली. मग कोपराच्या दिशेनं रोज थोडी थोडी. घसरून पडू नये म्हणून मंजुषानं पाटलीला आतून दोरा गुंडाळला होता, लोक गुंडाळतात तसा; आणि रोज सकाळी, न्हाणीघराचं दार लावून, ती तो दोरा सोडून पाटली वर सरकवायची. जिथवर जाईल तिथवर. तेवढ्यावर दिवस ठरायचा.

परतीच्या बसमध्ये दोघींना जागा मिळाली. बाबा पेट्रोल पंप गेला, छावणी गेली. बाहेर ऊन असं होतं की खिडकीच्या दांड्याला हात लागत नव्हता, आणि मंजुषानं पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला होता. तिला थंडी वाजत होती. हल्ली वाजायचीच. मनकर्णाबाई पुड्यातल्या बांगड्या फुटू नयेत म्हणून पुडा मांडीवर लेकरासारखा धरून बसल्या होत्या. नगर नाक्यापाशी बस थांबली, आणि त्या म्हणाल्या, "मंजू, एक इचारू?"

"विचारा ना, आत्याबाई."

"तुझं उद्यापन कधी करायचं?"

"कशाचं?"

"कशाचं म्हंजे? सोमवार धरतीस, गुरुवार धरतीस, शनवार धरतीस. वरून चतुर्थी, एकादशी. आता माझ्या संगट शुक्रवारबी धरलेस. ह्यातल्या एकाचं तरी उद्यापन असंल का नाय? म्या राजूच्या नोकरीसाठी शुक्रवार बोलले, राजू पर्मनंट झाला, आता फेडून टाकती. देवाचं डोक्यावर ठिवू नये बाई. तू काय मागितलं हुतंस?"

बस सुटली. बाहेरचा रस्ता, टपऱ्या, रसवंतीची घुंगरं, सगळं मागं पळायला लागलं आणि मंजुषाला वाटलं की आपण उत्तर देऊ तोवर हा रस्ता संपणार नाही. काय मागितलं होतं? तिनं आठवून पाहिलं. घर? ते झालंच होतं, बजाजनगरातलं दुसऱ्या मजल्यावरचं. नवऱ्याची तब्येत? मुलगी? ती जितकं मागं गेली तितकं तिथं मागणं सापडेना. नुसता उपासच सापडत होता, आणि त्याच्या मागं दुसरा

उपास, जो पहिला होता. बिडकीनला, सासरच्या गावी, लग्नानंतरच्या पहिल्या महाशिवरात्रीला. घरभर साबुदाण्याची खिचडी, भगर, बटाट्याचा कीस, केळी, दाण्याचे लाडू. उपास म्हणजे एरवीपेक्षा दुप्पट खाण्याचा दिवस. सासरे कारभारी ओसरीवर बसून म्हणाले होते, "शंकराच्या नावानं उपास एक अन् खाणी बारा." सगळे हसले होते. आणि नवी सून मंजुषा काहीच खाईना. तिला खरं तर खिचडी नको होती, तिखट जास्त झाली होती, एवढंच. पण मनकर्णाबाईंनी गल्लीतल्या बायकांना सांगितलं, "आमची सूनबाई निर्जळी करती." बायकांनी आत डोकावून पाहिलं. त्या नजरेत काहीतरी होतं. अन्नाच्या बाबतीत तिच्याकडं कुणी असं कधी पाहिलं नव्हतं. फर्दापूरला तिच्या वडिलांचं, अप्पारावांचं, लेण्यांच्या रस्त्यावर हॉटेल होतं. चहा, भजी, पुरी-भाजी. ती शाळेतून आली की थेट कढईपाशी. वडील गिऱ्हाइकांपुढं कौतुकानं म्हणायचे, "ही आमची मालकीण. निम्मा माल गिऱ्हाइकाला, निम्मा हिला!" गिऱ्हाइकं हसायची, ड्रायव्हर हसायचे, ती पण हसायची, हातातलं भजं गरम असायचं आणि ते गिळताना घशात क्षणभर अडायचं. वडील वाईट नव्हते. त्यांनी ते भजं स्वतःच्या हातानं दिलेलं असायचं. पण त्या महाशिवरात्रीला, बिडकीनच्या त्या अंधाऱ्या माजघरात, रिकाम्या पोटानं बसलेली ती पहिल्यांदाच कुणाच्या हसण्याचा विषय नव्हती. पोट रिकामं आणि डोकं हलकं, आणि बायका कुजबुजतात, निर्जळी. संध्याकाळी उपास सुटला तेव्हा तिला वाईट वाटलं होतं. कुणीतरी दागिना काढून घेतल्यासारखं.

"काय गं? बोल की."

"काही नाही मागितलं, आत्याबाई."

मनकर्णाबाईंनी पुडा मांडीवर नीट केला. "निष्काम हाय मग," त्या म्हणाल्या, पण आवाज जरा खाली आला होता. "तरी बी. सोडवायचा असतोय. न सुटणारा उपास नसतोय मंजू."

पुन्हा. जाते का? जाते. पुन्हा. कारखान्यात एकच माप तीनदा घ्यायची तिची सवय होती, आणि तो प्रश्न ती पुढचे सगळे दिवस तसाच घेत राहिली. काय मागितलं होतंस. काय मागितलं होतंस. कॅन्टीनमध्ये लाइनवरची मोनिका डबा उघडता उघडता ओरडली, "ताई, आज कोणता देव?" आणि टेबलाकडं वळून, "ताईंच्या कॅलेंडरात जेवायचा वारच छापलेला नाय!" टेबल हसलं. मंजुषाही हसली. हसणं तिला छान जमायचं. मोनिकाच्या डब्यात वांग्याचं भरीत होतं आणि ते डोळ्यांनी खाताना मंजुषाला त्यातलं तेल, लसूण, शेंगदाणा, देठाचा जळका वास, सगळं वेगळं वेगळं कळत होतं. दिवसभर ती दुसरा कसलाच विचार करायची नाही. देवाचं नाव निघायचं ते उपासाचं कारण सांगताना. बाकी सगळा वेळ अन्न. ती रात्री अन्नाची स्वप्नं बघायची आणि घाबरून उठायची, की आपण खाल्लं. घरी ती इतरांसाठी तासन् तास रांधायची, वाढायची, आग्रह करायची, समोर बसून प्रत्येकाचा घास बघायची. नवरा, राजेंद्र, म्हणायचा, "आमच्या घरात अन्नपूर्णा आहे राव." तो बहुतेक सेकंड शिफ्टला असायचा. त्याच्या बायकोचं ताट त्यानं किती दिवसांत पाहिलं नव्हतं हे त्यालाही माहीत नव्हतं.

त्याच दिवसांत एकदा गेज भोकात जाईना. एक पार्ट, दुसरा, तिसरा. तिनं अख्खा ट्रे लाल केला. सुपरवायझरनं स्वतः तपासला तर सगळे पार्ट चांगले होते. गेज जात नव्हतं, कारण तिचा हात थरथरत होता. कंपनीच्या दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टरबाईंनी बीपी बघितलं, नखं बघितली, पाळी येते का विचारलं. मग, "काल काय जेवलात?"

"उपास होता."

"परवा?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "मंजुषाताई, उपास सुटतो तेव्हा बरं वाटतं, की भीती वाटते?"

तपासणारी बाई डोक्यात म्हणाली, उठ. "माझी ड्यूटी आहे," मंजुषा म्हणाली. दारात असताना मागून आवाज आला. शांतपणे, घाई न करता. "जालना रोडवर माझ्या माहितीच्या एक मॅडम आहेत. मनाच्या डॉक्टर आहेत, पण हेही बघतात. ह्याला आजार म्हणतात. तुमचा दोष नाही, आणि उपचार आहेत. या जाऊन एकदा." मंजुषा इतकी चिडली होती की ड्यूटी संपल्यावर बसस्टॉपपर्यंत तिला थंडीसुद्धा वाजली नाही. मनाच्या डॉक्टर! चतुर्थी धरणाऱ्या बाईला! पण चिडण्याच्या तळाशी, अगदी खाली, दुसरं काहीतरी होतं. पकडल्या गेलेल्या माणसाला, पकडणाऱ्याचा हात खांद्यावर पडतो तेव्हा, पळणं संपल्याचं जे वाटतं

ते तिनं लाल ट्रेमध्ये टाकलं. आणि उद्यापनाचा शुक्रवार आला.

उद्यापनाचा घाट मनकर्णाबाईंनी दिवेलागणीला घातला होता. "म्हंजे कुणाचा कसलाबी उपास असू दे, त्या टायमाला सुटतोय," त्या सगळ्यांना सांगत होत्या, आणि मंजुषाला कळलं की पळवाटेचं दार लागलं. तिच्याकडं सगळ्या वारांची कारणं होती, दिवेलागणीनंतरचं एकही नव्हतं. पुरण तिनंच शिजवलं, तिनंच वाटलं, वासानं डोळ्यांपुढं दोनदा अंधारी आली. हॉलमधला सोफासेट गॅलरीत गेला, फरशीवर पाट, पाटांभोवती रांगोळी. सवाष्णी आल्या. खालच्या मजल्यावरच्या द्वारकाबाई आल्या आल्या म्हणाल्या, "पुरणाच्या वासानं जिना कळला नाय बघा, कधी चढले!" रांगेच्या शेवटी कुमारिका म्हणून रूपाचा पाट, नवा परकर, हातभर हिरव्या बांगड्या. आणि रांगेच्या पहिल्या पाटावर मंजुषा. ती नको म्हणाली होती, पण मनकर्णाबाईंनी ऐकलं नाही. "सून म्हणून नाय बसवत. उपासवाली म्हणून बसवती." त्यांनी तिला हळदकुंकू लावलं, ओटी भरली, आणि गुडघा धरत खाली वाकून तिच्या पायांना हात लावला. सासू. सगळ्यांदेखत. द्वारकाबाईंनी लगेच हात पुढं केला, "आम्हाला बी लागू द्या पुण्याई." थंड पायांवर गरम हात, एकामागून एक. मंजुषाला वाटलं, ओरडावं. पाय मागं घ्यावेत. ती हसली.

ताट आलं. पुरणपोळी, वर तूप, तूप पसरत पसरत भाताच्या कडेला पोचलेलं. कटाची आमटी, भजी, कुरडई, खीर. सवाष्णीनं पान टाकायचं नसतं. पहिला घास तिनं तोडला, लहान केला, आणखी लहान केला. कुरडई मोडली. भात इकडचा तिकडं केला. तोंडात घातलेला घास मोठा होत गेला. कानांत काहीतरी धडधडत होतं आणि त्यातून बायकांचे आवाज तुटक तुटक येत होते. आमटीला काय घातलंय, खोबरं भाजून घेतलंय का, वाढा की वो आणखी एक. तिला कळलं की ती स्वतःच्या ताटाकडं बघतच नाहीये. ती रांगेकडं बघतेय. द्वारकाबाईंची दुसरी पोळी. पलीकडच्या बाईची तिसरी वाटी. डोळे एकेका ताटावर थांबत होते, पास, रिजेक्ट, रिजेक्ट, पुढं सरकत होते, आणि थांबवता येत नव्हते, आणि रांग संपली तिथं रूपा होती. तोंडाला तूप लागलेलं. आजी पोळ्यांची परात घेऊन तिच्यापुढं वाकलेली. रूपाचा हात पोळीकडं गेला.

मंजुषा पाटावरून कधी उठली ते तिला आठवत नाही. रांगेच्या पुढून ती गेली, ताटांपुढून, आणि तिचा हात रूपाच्या मनगटाभोवती मिटला. "बास." तो आवाज घरात कुणी ऐकलेला नव्हता. तो कारखान्यातला, टेबलापलीकडचा होता. "बास झालं. ठेव ती."

रूपानं आईकडं पाहिलं. रडली नाही. हातातली पोळी परातीत परत ठेवली, आणि मग तो हात हळूच परकराखाली नेऊन लपवायचा प्रयत्न केला. जमेना, कारण मंजुषानं तो सोडलाच नव्हता. मंजुषानं खाली पाहिलं. तिचा अंगठा आणि मधलं बोट पोरीच्या मनगटाभोवती, हिरव्या बांगड्यांच्या मागं, एकमेकांना टेकतायत का ते चाचपत होती. ती माप घेत होती.

—जाते का?

"अगं, खाऊ दे की लेकराला!" द्वारकाबाई म्हणाल्या. "कुमारिका हाय ती आज. देवीच जेवती म्हण की!" कुणीतरी हसलं. मंजुषाची बोटं सुटली. एक बांगडी फुटली होती; कधी, कळलं नाही. ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला पाठ लावून उभी राहिली.

मनकर्णाबाई मागोमाग आल्या, दार ढकलून घेतलं. "पान टाकून उठलीस? माझ्या उद्यापनाला? बायका काय म्हणतील गं?"

"आत्याबाई."

"काय आत्याबाई? अन् पोरीच्या हातातला घास काढून घेतलास. वैरीण तरी घेती का?"

"आत्याबाई, तो उपास नाही."

"काय?"

"मी करते तो. उपास नाही तो." तिनं ओट्याची कड धरली. शब्द घासासारखे तोंडात मोठे होत होते. "मी देवासाठी काहीच धरलं नाही. सोमवार नाही, गुरुवार नाही. मला जेवायची भीती वाटते."

"भीती? कुणाची? कुणी काय चारलं का तुला? कुणाची नजर—"

"कुणाची नाही. अन्नाचीच. जेवले की वाटतं, संपलं सगळं. नाही जेवले की वाटतं, पास झाले. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत दुसरं काही नाही डोक्यात. मला थांबता येत नाही. तुम्ही विचारलं ना बसमध्ये, उद्यापन कधी. मला करायचं होतं. मला येत नाही."

बाहेर बायका कुजबुजत होत्या. मनकर्णाबाईंच्या हातात परात तशीच होती. त्यांची नजर खाली गेली, सुनेच्या पायांवर, जिथं त्यांच्याच हातचं कुंकू लागलं होतं. "गावभर सांगत फिरले की गं मी," त्या म्हणाल्या. "बिडकीनपर्यंत." मग परात खाली ठेवली. "येरमाळ्याच्या देवीला जाऊ. ओटी भरू."

"देवीला नको. डॉक्टरकडं जायचंय. आमच्या कंपनीतल्या डॉक्टरबाईंनी सांगितलंय एक."

"कशाचा डॉक्टर?"

"मनाचा."

"येडी हायेस का तू?"

"माहीत नाही. तुम्ही पाहिलं ना, मी रूपाचा हात कसा धरला होता?"

मनकर्णाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. त्यांनी पाहिलं होतं. "उद्या जाऊ," त्या म्हणाल्या. "राजूला मी सांगती. पण भाईर कुणाला बोलू नकोस. लोकं लई वंगाळ असत्यात." दारापाशी जाऊन त्या थांबल्या. मागं न बघता म्हणाल्या, "बायकांना सांगते, तुला चक्कर आली. खोटं बी नाय ते."

जालना रोडवरच्या त्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन दवाखाने होते, एक हाडांचा, एक त्या मनाच्या डॉक्टर मॅडमचा. जिना मंजुषा मध्ये थांबून थांबून चढली. सकाळी सासूनं अर्धा कप दूध पुढं धरलं होतं आणि ते पिताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते दूध अजून छातीत अडकल्यासारखं होतं आणि डोक्यातली बाई त्याचा हिशोब सोडत नव्हती. परत चल. तुला काय झालंय. बस आत्ता मिळेल. राजेंद्र रात्री आईचं ऐकून नुसता उठून स्वयंपाकघरात गेला होता, आणि तिचं झाकून ठेवलेलं ताट उघडून, तसाच उभा राहिला होता. सकाळी निघताना रूपानं विचारलं, "आई, डॉक्टर सुई मारतील?" आणि तिच्या मनगटावर बांगडीच्या काचेची बारीक लाल रेघ होती. मंजुषानं ती रेघ डोळ्यांपुढं धरून जिना संपवला.

सासूसुना बाकावर बसतायत तोच हाडांच्या दवाखान्यातून कमरेला पट्टा बांधलेल्या द्वारकाबाई बाहेर आल्या. "अगं बाई! तुम्ही हिकडं कुठं?" आणि त्यांची नजर दारावरच्या पाटीकडं गेली, पाटीवरून मंजुषाकडं, आणि तिथं थांबली.

"मलाच दाखवायला आलोय," मनकर्णाबाई तत्काळ म्हणाल्या. "झोप नाय लागत मला. डोक्यात कायबी येतंय. सून बिचारी सुट्टी काढून आली माझ्यासाठी."

"तुम्हाला? काल तर एवढ्या पोळ्या लाटल्या उभ्या उभ्या!"

"तेच तर. पोळ्या लाटताना बी येतंय." मनकर्णाबाईंनी कपाळाला हात लावला. इतका वाईट अभिनय मंजुषानं आयुष्यात पाहिला नव्हता. पण म्हातारी खरोखरच घाबरलेली होती. द्वारकाबाई काही पुटपुटल्या, पण गेल्या नाहीत. कमरेचा पट्टा सैल करत समोरच्या बाकावर बसल्या.

आतून नावं लिहून घेणारी पोरगी बाहेर आली. "नवीन पेशंट? पेशंट कोण आहे यातलं?"

मनकर्णाबाई गुडघा धरून उठायला लागल्या. उठ, डोक्यातली बाई म्हणाली, नाही, तू नाही, तू बसून राहा, म्हातारी निभावतेय. तुला काय झालंय. जाते का? बघ, जाते का.

मंजुषानं हात वर केला. शाळेत करतात तसा, सरळ, पूर्ण. "मी," ती म्हणाली. सकाळी गुंडाळायचा दोरा घाईत राहून गेला होता. पाटली मनगटावरून सुटली आणि हातावरून खाली, कोपराच्या दिशेनं घसरत गेली. कुठवर गेली, ते तिनं बघितलं नाही.